देवाचा कौल घेतो, माणसाचा का नाही?

दिवाळीच्या पाडव्याला मालवणात श्री देव रामेश्वर आणि श्री देव नारायण यांची पालखी देऊळवाड्यातून निघते. किनाऱ्याच्या बाजूने फिरून ती बाजारपेठेत येते तेव्हा दोन्ही अंगांची दुकाने कंदिलांनी आणि पणत्यांनी उजळलेली असतात. मुंबईला नोकरीधंद्यासाठी गेलेली माणसे या एका संध्याकाळसाठी गावी आलेली असतात. पालखी समोर येते आणि शेकडो हात वर जातात. त्यांतले बरेचसे हात जोडलेले नसतात. त्यांत फोन असतो. पालखीबरोबर पालखीला खांदा देणारे, ओटी घेऊन थांबलेल्या बायका, आजोबांच्या खांद्यावर बसलेली पोरे, डोळे मिटून पुटपुटणारी म्हातारी, असे सगळेच टिपले जातात आणि पालखी देवळात परतण्याआधी अनोळखी लोकांच्या हाती पोचलेले असतात.

यात देवाचा अपमान होतो, अशी माझी तक्रार नाही. देव आपला मान सांभाळायला समर्थ आहे, असे त्याचे भक्तच सांगतात. माझी तक्रार माणसांच्या बाजूने आहे. मिरवणुकीत चालणारा, समुद्रात बुडी मारणारा, देवापुढे रडणारा माणूस देखावा व्हायला आलेला नसतो. तो आपल्या कामाला आलेला असतो. त्याचा चेहरा त्याचा आहे, त्याचे दुःख त्याचे आहे, आणि ते दुसऱ्या कुणाला हवे असेल तर त्याला विचारले पाहिजे. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. पण ते मनापासून मानले तर आपल्या जत्रांमध्ये बरेच काही बदलावे लागेल.

आपल्या जिल्ह्यात वर्षभर कुठे ना कुठे गर्दी जमतेच. नारळी पौर्णिमेला मालवण बंदरावर दर्याला नारळ वाहतात. दसऱ्याला गावोगावी तरंग बाहेर पडतात. कार्तिकापासून देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि दहीकाल्याच्या रात्री दशावतार रंगतो. महाशिवरात्रीला कुणकेश्वर, त्याच सुमारास आंगणेवाडीची भराडीदेवी, मग शिमग्याची रोंबाटे. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला, 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे धावू लागली, 2021 मध्ये चिपीला विमान उतरू लागले. पाहुणे वाढले, ते चांगलेच झाले. त्यांच्याबरोबर कॅमेरे आले. पण सगळा दोष पाहुण्यांवर ढकलू नये. आपलीच पोरे, आपलीच मंडळे, आपलीच देवस्थाने आज सर्वांत जास्त चित्रण करतात, आणि विचारत कुणीच नाही.

कुणकेश्वरचा किनारा पाहा. महाशिवरात्रीच्या यात्रेला पंचक्रोशीतल्या आणि दूरच्या गावांतल्या देवस्वाऱ्या तिथे तीर्थस्नानाला येतात. तरंग, अब्दागिऱ्या, ढोल यांच्यासह देव समुद्रात उतरतात आणि त्यांच्यामागून माणसे उतरतात. आईबाप गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी आलेली मुले त्या पाण्यात असतात, नवस फेडायला आलेली सून असते. ओल्या साडीत किनाऱ्यावर येणाऱ्या बाईला कपडे बदलायला धड आडोसा मिळत नाही. फोन मात्र चारी बाजूंनी रोखलेले असतात. ‘मी तिचा नाही, समुद्राचा फोटो काढतोय,’ हे उत्तर ठरलेले. पण फोटोत ती असते, आणि तो कुठे जाईल हे काढणाऱ्याच्याही हातात उरत नाही.

ही नुसती भीती नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात स्नान करणाऱ्या स्त्रियांची चित्रणे समाजमाध्यमांवर पसरवणाऱ्या खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांना गुन्हे नोंदवावे लागले. त्याच मेळ्यात माळा विकायला आलेल्या मध्य प्रदेशातल्या एका मुलीचे डोळे कुणाला तरी सुंदर वाटले. तिचे चित्रण देशभर फिरले, आणि पुढे तिच्याभोवती फोन घेतलेल्यांची अशी झुंबड उडू लागली की धंदा सोडून तिला घरी परतावे लागले. त्या झुंबडीत तिचे वाईट चिंतणारे थोडे असतील. बहुतेकांनी कौतुकानेच फोन वर धरला असेल. पण पोटापाण्यासाठी आलेल्या मुलीची रोजी बुडाली ती त्या कौतुकानेच. हेतू चांगला असला म्हणजे न विचारता घेणे योग्य ठरत नाही, हे या उदाहरणावरून शिकावे.

दुसरी गोष्ट अवसराची. दसऱ्याला तरंग हलू लागतात, अवसर येतो, लोक आपली गाऱ्हाणी मांडतात. जत्रेत एखाद्या बाईच्या अंगात येते, केस सुटतात, ती घुमू लागते. अंगात येणे दैवी आहे असे मी मानत नाही. त्यामागे मनावरचा ताण, दाबून ठेवलेले दुःख आणि भोवतालच्या लोकांच्या अपेक्षांचा रेटा असतो, हे डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षे समजावून सांगत राहिले. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अंगात संचार झाल्याचे भासवून लोकांना भीती घालणे गुन्हा ठरवला, तो योग्यच होता. तसे कुणी लुबाडत असेल तर जरूर चित्रण करा आणि पोलिसांकडे द्या. पण जी बाई कुणालाही फसवत नाही, जिला घरात बोलायला जागा नाही आणि जिचे दुःख वर्षातून एकदा ढोलाच्या आवाजात बाहेर पडते, तिचे अर्ध्या मिनिटाचे चित्रण गमतीचे संगीत लावून पसरवणे हे कोणते प्रबोधन? दुसरा कुणी तेच चित्रण ‘देवीचा साक्षात्कार’ म्हणून पसरवतो. एक हसतो, एक हात जोडतो; त्या बाईला मात्र दोघेही विचारत नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला मासळी बाजारात जायचे असते, मुलाच्या शाळेत जायचे असते, याचा दोघांनाही विसर पडतो. अंधश्रद्धेशी झगडणाऱ्याने तरी ही चूक करू नये. माणसाची अब्रू राखल्याशिवाय त्याचा विचार बदलता येत नाही.

सावंतवाडी तालुक्यातली सोनुर्लीच्या माउलीची जत्रा लोटांगणाची जत्रा म्हणून ओळखली जाते. दिवसभर उपवास करून आलेले नवसकरी रात्री देवळाभोवती लोटांगणे घालतात. आंगणेवाडीत आंगणे कुटुंबांतल्या बायका उपवास करून, मौन पाळून देवीसाठी अन्न शिजवतात आणि रात्री ताटे देवळात नेतात. लाखोंच्या जत्रेतला हा सर्वांत नाजूक क्षण. ज्यांनी बोलणेसुद्धा टाळले आहे, त्यांच्या तोंडावर दिव्याचा झोत मारताना आपला हात थांबत नसेल, तर श्रद्धा आणि अश्रद्धा बाजूला राहू द्या, आपल्यात साधी रीत उरलेली नाही असेच म्हणावे लागेल.

आणि ही रीत आपल्याला परकी नाही. किंबहुना आपल्या मुलुखात विचारण्याची रीत जितकी भिनलेली आहे तितकी क्वचितच कुठे असेल. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात सापडत नाही. ती देवीचा कौल घेऊन ठरते. आचऱ्याची गावपळण रामेश्वराने कौल दिल्यावरच होते, आणि मग माणसे, गुरे, कोंबड्या यांच्यासह सगळा गाव तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो. लग्न असो, घराचा पाया असो, नवी होडी असो, देवाला पाकळी लावून उजवी-डावी पाहणारी घरे आजही आहेत. गाऱ्हाणे घालणारा एकटा बोलत नाही. प्रत्येक मागणीमागे जमलेली सगळी माणसे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून आपली संमती जोडतात.

कौलावर माझा विश्वास नाही. पाकळी कुठे पडेल हे ओलाव्यावर आणि वजनावर ठरते, आणि मोठे निर्णय माणसाने स्वतःच्या बुद्धीने घ्यावेत असे मला वाटते. पण त्या रीतीच्या मुळाशी जी नम्रता आहे ती मोलाची आहे. आपल्याला हवे म्हणून करू नये, आधी विचारावे, डावा कौल आला तर मुकाट्याने थांबावे. दगडाच्या देवाला आपण हा मान देतो. त्याच देवळाच्या पायरीवर बसलेल्या, बोलू शकणाऱ्या, नाही म्हणू शकणाऱ्या जिवंत माणसाला देत नाही. आपल्या धार्मिकतेतली ही विसंगती मला सर्वांत जास्त खुपते. श्रद्धावंताला मी त्याच्याच रीतीची आठवण करून देतो: देवाचा कौल घेतोस ना, मग माणसाचाही घे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. रस्ता सार्वजनिक, जत्रा सार्वजनिक, मग परवानगी कसली? याचे उत्तर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेले आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरवला, आणि माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचे खासगीपण संपत नाही, ते जागेला नव्हे तर माणसाला चिकटलेले असते, असेही म्हटले. प्रत्येक फोटोवर खटला भरावा असा याचा अर्थ नव्हे. मिरवणुकीचे दुरून दिसणारे चित्र वेगळे, आणि गर्दीतून एकच चेहरा निवडून जवळ आणणे वेगळे. पहिल्यात सगळे असतात. दुसऱ्यात एक माणूस एकटा पडतो. जिथे माणूस एकटा पडतो तिथे विचारायचे, एवढी रेघ कुणालाही ओढता येते.

दुसरा आक्षेप खरा आहे आणि मला तो मोलाचा वाटतो. परळच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी गावच्या जत्रेला येऊ शकत नाही. नातू तिला फोनवर पालखी दाखवतो. बोटीवर नोकरी करणारा मुलगा भर समुद्रातून तरंग पाहतो. हे सुख कुणी हिरावून घेऊ नये. पण त्या आजीला काय पाहायचे असते? देव, देऊळ, पालखी, आपली माणसे. शेजारच्या गावच्या बाईचे घुमणे तिला पाहायचे नसते. घरच्यांना दाखवणे आणि जगापुढे मांडणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर राखणे प्रत्येकाच्या बोटाच्या टोकावर आहे.

तिसरा आक्षेप पर्यटनाचा. फोटो फिरले की माणसे येतात, खोल्या भरतात, खानावळी चालतात. मान्य. पण ज्या किनाऱ्यावर आपली बाई मोकळेपणाने बुडी मारू शकत नाही, तिथे पाहुणीही फार काळ येणार नाही. बघ्यांना कंटाळून गावकरीच मागे सरू लागले, तर शेवटी पाहायला नुसता मंडप उरेल.

चौथा आक्षेप परंपरेच्या नोंदीचा. जुन्या रीती मोडत चालल्या आहेत, त्यांची चित्रे राहिली पाहिजेत, हे मलाही पटते. मराठी माणसाने कॅमेरा हाती घेतला तोच मुळी अगदी पहिल्या काळात. हरिश्चंद्र भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी 1901 मध्ये रँग्लर परांजप्यांच्या मुंबईतल्या स्वागताचे चित्रण केले, त्यात माणसांची गर्दीही आली. आपल्या काळात संदेश भंडारे यांनी वारकऱ्यांमध्ये आणि तमाशा कलावंतांमध्ये राहून त्यांची छायाचित्रे काढली. अशा कामाला वेळ द्यावा लागतो, ओळख करून घ्यावी लागते, आणि समोरच्याला आपण कोण ते कळू द्यावे लागते. दशावताराच्या रात्री रंगपटात घुसून चेहरा रंगवणाऱ्या कलाकाराच्या डोळ्यांत झोत मारणारा नोंद करत नाही. त्याच कलाकाराला आधी भेटून, त्याचे नाव, गाव, कंपनी, त्याने किती वर्षे स्त्रीपार्ट केला हे विचारून मग काढलेले एक छायाचित्र गावाच्या इतिहासात राहू शकते. विचारल्याने नोंद मारली जात नाही. उलट विचारल्यामुळेच तिला नावगाव मिळते.

इथपर्यंत कॅमेऱ्याने काय घेऊ नये ते सांगितले. तो काय पाहत नाही, हेही सांगितले पाहिजे. नारळी पौर्णिमेचा फोटो दरवर्षी तोच असतो: नारळ धरलेला मान्यवर हात आणि भोवती ओळखीचे पुढारी. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद ठेवून, जाळी दुरुस्त करून, डिझेलची उधारी डोक्यावर घेऊन दर्यात उतरणारा गाबित त्यात नसतो. आंगणेवाडीच्या फोटोत मंत्री असतात, तासन्‌तास रांगेत उभी राहिलेली गरोदर बाई नसते. मानकऱ्याचा फेटा दिसतो, ढोल वाजवून तळहात सुजलेला दिसत नाही. पालखीला कोणाचा खांदा चालतो आणि कोणाचा चालत नाही, कुणाला कोणत्या पायरीपर्यंत येऊ देतात, याची चित्रे तर कुणीच काढत नाही. आणि जत्रा उठल्यावर सकाळी प्लास्टिक, पत्रावळी, नारळाच्या शेंड्या उचलणारे हात? त्यांच्याकडे एकही फोन वळत नाही.

गाडगेबाबा पंढरपूरला जात, पण विठ्ठलाच्या दर्शनाला नव्हे. ते वाळवंटातल्या माणसांकडे पाहत. कुठे घाण साचली आहे, कोण उघड्यावर निजले आहे, हे त्यांना दिसे, आणि त्या पाहण्यातून झाडू चालला आणि धर्मशाळा उभ्या राहिल्या. साने गुरुजींनाही पंढरपुरात दाराबाहेर थांबवलेली माणसे दिसली, म्हणून मे 1947 मध्ये ते उपोषणाला बसले. प्रबोधनाची आपली परंपरा ही अशी पाहण्याची परंपरा आहे. आज हजारो डोळे आणि हजारो कॅमेरे जत्रेत असताना एक तरी गोष्ट सुधारली पाहिजे. आडोसा नसलेला स्नानाचा किनारा, कोरडी नळकोंडाळी, अडवलेला माणूस, बंद स्वच्छतागृह यांचे फोटो काढा. ते ग्रामपंचायतीला दाखवा, देवस्थान समितीला दाखवा, वर्तमानपत्राला द्या. त्यातही कुणाचा चेहरा उघडा पाडायची गरज नसते. दुबळ्याला झाकून व्यवस्थेला उघडे पाडणारा कॅमेरा हा सुधारकाचा कॅमेरा आहे.

जिवाचाही प्रश्न आहे. 25 जानेवारी 2005 रोजी वाईजवळच्या मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी आणि आगीत सुमारे 300 माणसे गेली. ऑगस्ट 2003 मध्ये नाशिकच्या कुंभात 39 जण चिरडले गेले. या दोन्ही दुर्घटनांना फोन कारण नव्हते. पण अरुंद वाटेवर गर्दीचा ओघ अडला की काय होते, हे त्यांनी दाखवून दिले. आज आपल्या बाजारपेठांतल्या बोळांत, देवळांच्या पायऱ्यांवर, बंदराच्या धक्क्यावर हा ओघ वारंवार अडतो, कारण पुढचा माणूस चित्रणासाठी थांबलेला असतो आणि मागच्याला ते दिसत नाही. डोक्यावर ड्रोन घोंगावत असेल तर माना वर आणि पावले अडखळत. एक पाते तुटून गर्दीत पडले तर जबाबदार कोण, हे आधी ठरवायला हवे.

यावर सरसकट बंदी हा उपाय नाही. बंदीने फोन खिशात जात नाहीत, ते लपून बाहेर येतात. आणि बंदीच्या आडोशाने देवस्थानाचा अन्यायही लपतो. हवी ती गावाने मिळून ठरवलेली रीत. स्नानाच्या जागी आणि कपडे बदलण्याच्या जागेभोवती कॅमेरा नको, आणि तिथे भक्कम आडोसा गावाने उभारावा. अवसर, घुमणे, लोटांगण यांत कुणाचा चेहरा जवळून घ्यायचा नाही. अनोळखी मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय नकोत. ताटे लावण्याच्या वेळी झोत बंद. पालखीच्या वाटेवर छायाचित्रकारांना उंचावर एक ठरावीक जागा द्यावी, म्हणजे वाटही मोकळी राहील आणि चित्रही चांगले मिळेल. ड्रोन उडवायचा तर गर्दीपासून दूर, आणि लेखी परवानगीने. काढलेल्या चांगल्या चित्रांची एक प्रत गावाच्या वाचनालयात जमा व्हावी, नावे आणि साल लिहून. आणि कुणी ‘माझा फोटो काढून टाका’ म्हटले तर वाद न घालता तो काढून टाकावा.

हे सांगायला पोलीस लागत नाहीत. जत्रेच्या फलकावर चार ओळी, ध्वनिक्षेपकावर दर तासाला एक सूचना, आणि गावची दहा-वीस तरुण मुले-मुली स्वयंसेवक म्हणून, एवढे पुरे. हरवलेले मूल सापडल्याची घोषणा जशी न चुकता होते, तशी हीही होऊ शकते. मुलांना शाळेत हे शिकवता येईल. ज्यांच्या हातात आता पहिला फोन आला आहे त्यांना ‘विचारून काढ’ ही सवय लागली, तर पुढच्या पिढीला नियमाचीही गरज उरणार नाही.

दरवर्षी जत्रेआधी नियोजनाच्या बैठका होतात. एसटीच्या गाड्या, पाणी, वीज, मोबाइलचे जाळे, पुढाऱ्यांची वाहने कुठे लावायची, सगळ्यावर चर्चा होते. येत्या बैठकीत आणखी एक विषय मांडा: जत्रेला आलेल्या माणसाच्या चेहऱ्याची आणि अब्रूची राखण. मानकऱ्यांनी तो मांडावा, सरपंचांनी मांडावा, आणि कुणीच मांडला नाही तर किनाऱ्यावर ओल्या साडीत उभे राहणाऱ्या बायकांनी पुढे होऊन मांडावा. ठराव एका ओळीचा आहे: या जत्रेत माणसाला विचारल्याशिवाय त्याचा चेहरा कुणी घेणार नाही. ज्या गावाला तो मंजूर करताना अडचण वाटेल, त्याने अडचण नेमकी कुणाची आहे ते जत्रेला येणाऱ्या सगळ्यांसमोर उघड सांगावे.